घरगुती वेब सर्व्हर : डेटाबेस-प्रवेशातील अडथळे आणि सार्वजनिक उपलब्धतेचा प्रश्न
सुरगाणा परिसरातील महाविद्यालयीन गरजांच्या संदर्भात

सारांश :
महाविद्यालयीन अध्यापक आपल्या घरच्या किंवा विभागातील एखाद्या जुन्या संगणकाचे वेब सर्व्हरमध्ये रूपांतर करतात, तेव्हा साधारणपणे दोन ठिकाणी त्यांची वाट अडते. पहिले ठिकाण म्हणजे डेटाबेसमध्ये प्रवेश न मिळणे आणि दुसरे म्हणजे तयार झालेले संकेतस्थळ बाहेरच्या जगाला न दिसणे. हे दोन्ही प्रश्न वरकरणी सारखे भासले, तरी त्यांची कारणे व उपाय पूर्णतः भिन्न आहेत. त्यांची सरमिसळ झाल्यास काम तर होत नाहीच, उलट माहितीच असुरक्षित होते. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांची उकल क्रमशः मांडली असून, सुरगाण्यासारख्या दुर्गम आदिवासी तालुक्याच्या परिस्थितीत कोणता मार्ग व्यवहार्य ठरतो याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : वेब सर्व्हर, डेटाबेस, परवलीचा शब्द, आयपी पत्ता, पोर्ट, राउटर, माहितीची सुरक्षितता.

१. प्रस्तावना :
नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून असलेला सुरगाणा तालुका हा पूर्वाश्रमीच्या सुरगाणा संस्थानाचा प्रदेश होय. कोकणा, महादेव कोळी, वारली या जमातींची येथे मोठी वस्ती आहे. कोकणा बोली, डोंगऱ्या देवाचा उत्सव, बोहाडा, रानभाज्या व वनौषधी यांविषयीचे पारंपरिक ज्ञान ही या परिसराची सांस्कृतिक संपदा आहे. अशा परिसरातील महाविद्यालयात भाषा, समाजशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल या विषयांचे अध्यापक आणि विद्यार्थी क्षेत्रीय अभ्यास करतात, तेव्हा हाती येणारी माहिती वह्यांमध्ये व स्वतंत्र फाइलींमध्ये विखुरलेली राहते. विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला की त्याची वही त्याच्याबरोबर जाते आणि पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी त्याच पाड्यावर तेच प्रश्न घेऊन जातो.

ही माहिती एका डेटाबेसमध्ये साठवून ती वेब पानांद्वारे सर्वांना शोधता यावी, असा विचार म्हणूनच स्वाभाविक ठरतो. समजा, एखाद्या अध्यापकाने रानभाज्यांची स्थानिक नावे, शास्त्रीय नावे, आढळाची ठिकाणे आणि माहिती देणाऱ्या व्यक्तींची नावे अशी नोंदणी सुरू केली व त्यासाठी घरचा संगणक वापरला. हे उदाहरण कल्पित असले, तरी त्यात येणाऱ्या अडचणी कल्पित नाहीत. पुढील विवेचनात याच उदाहरणाचा आधार घेतला आहे.

२. उद्दिष्टे व व्याप्ती :
(अ) घरगुती वेब सर्व्हरची रचना समजावून देणे.
(आ) डेटाबेस-प्रवेश नाकारला जाण्याची कारणे व त्यांच्या निदानाचा क्रम स्पष्ट करणे.
(इ) संकेतस्थळ बाहेरून न दिसण्याच्या कारणांची टप्प्याटप्प्याने उकल करणे.
(ई) सार्वजनिक काय असावे व काय नसावे याचा विवेक मांडणे.

लेखाची व्याप्ती अपाची, पीएचपी आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या सर्वपरिचित मुक्त प्रणालींपुरती मर्यादित आहे.

३. घरगुती वेब सर्व्हरची रचना :
अपाची, पीएचपी व मायएसक्यूएल या तिन्ही प्रणाली १९९५ या एकाच वर्षी पुढे आल्या. तिन्ही विनामूल्य मिळत असल्याने लहान संस्थांना संकेतस्थळ उभारणे शक्य झाले. २००२ मध्ये सुरू झालेल्या झॅम्प या संचाने त्या एकत्र बांधून दिल्या. पुढे मायएसक्यूएलची मालकी २००८ मध्ये सन कंपनीकडे व २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली. दरम्यान २००९ मध्ये मूळ निर्माते मायकेल विडेनियस यांनी मारियाडीबी ही स्वतंत्र शाखा सुरू केली. झॅम्पमध्ये २०१५ पासून मायएसक्यूएल या नावाच्या बटणामागे प्रत्यक्षात मारियाडीबी असते. दोन्ही प्रणाली बऱ्याच अंशी सारख्या असल्या, तरी प्रवेशाच्या पद्धतीत त्यांच्यात फरक आहे. त्यामुळे संगणकावर नेमकी कोणती प्रणाली व कोणती आवृत्ती आहे हे प्रथम पाहून घेणे अगत्याचे ठरते.

वाचकाची मागणी कोणत्या मार्गाने प्रवास करते हे समजले की निम्मा प्रश्न सुटतो. नाशिकमधील एखादा वाचक आपल्या ब्राउझरमध्ये पत्ता लिहितो. ती मागणी इंटरनेटवरून अध्यापकाच्या घरच्या राउटरपर्यंत येते, राउटर ती सर्व्हर असलेल्या संगणकाकडे पाठवतो आणि तेथे अपाची ती स्वीकारते. अपाची पीएचपीला काम सांगते. पीएचपी त्याच संगणकावरील डेटाबेसला प्रश्न विचारते, उत्तराचे पान तयार करते आणि ते पान उलट मार्गाने वाचकाकडे जाते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. बाहेरचा वाचक डेटाबेसपर्यंत कधीच पोहोचत नाही. डेटाबेसशी बोलतो तो केवळ पीएचपीचा कार्यक्रम आणि तो त्याच संगणकावर असतो. ग्रंथालयात वाचक काउंटरवर चिठ्ठी देतो व कर्मचारी आतून पुस्तक आणून देतो. अधिक वाचक यावेत म्हणून कोणी ग्रंथकोठाराचे कुलूप काढत नाही. परंतु संकेतस्थळ बाहेरून दिसत नाही असे आढळताच डेटाबेसचे दार सर्वांसाठी उघडून देण्याची चूक मात्र वारंवार होते. तिने संकेतस्थळ दिसू लागत नाही. केवळ कोठार उघडे पडते.

४. डेटाबेस-प्रवेशातील अडथळे :

४.१ सेवा बंद आहे की प्रवेश नाकारला आहे?
त्रुटी-संदेश त्रासदायक वाटत असला, तरी निदानाचे सर्वांत विश्वसनीय साधन तोच होय. त्यातील क्रमांक आधी टिपून घ्यावा. २००२ किंवा २००३ हा क्रमांक आला, तर डेटाबेस-सेवेशी संपर्कच झालेला नाही. अशा वेळी परवलीचा शब्द पुनःपुन्हा बदलून पाहणे निरर्थक होय, कारण तो तपासणारेच कोणी हजर नाही. सेवा सुरू आहे का आणि ती ३३०६ या नेहमीच्या पोर्टवर आहे की अन्य पोर्टवर, हे पाहावे. याउलट १०४५ हा क्रमांक आला, तर सेवा सुरू आहे, तिने ओळख विचारली आहे आणि दिलेली ओळख अमान्य केली आहे. १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेस अस्तित्वात नाही. १०४४ म्हणजे व्यक्ती ओळखली गेली, पण त्या डेटाबेसवर तिला अधिकार नाहीत. ११३० म्हणजे ज्या संगणकावरून विनंती आली, त्या संगणकालाच परवानगी नाही.

१०४५ च्या संदेशाच्या शेवटी परवलीचा शब्द वापरला होता की नाही याचाही उल्लेख असतो. ‘नाही’ असा उल्लेख असेल, तर कार्यक्रमाने शब्द पाठवलाच नाही, म्हणजे दोष जुळणीच्या फाइलीत आहे. ‘होय’ असेल, तर शब्द पाठवला गेला, पण जुळला नाही. या एका शब्दाकडे दुर्लक्ष झाल्याने तासन्‌तास वाया जातात.

४.२ वापरकर्त्याची दुहेरी ओळख :
मायएसक्यूएलमध्ये वापरकर्त्याची ओळख केवळ नावाने होत नाही. नाव आणि तो कोठून येतो ते ठिकाण, अशी ती जोडओळख असते. ‘लोकलहोस्ट’ वरून येणारा ‘रानभाजी’ आणि अन्य कोठूनही येणारा ‘रानभाजी’ या प्रणालीच्या दृष्टीने दोन स्वतंत्र व्यक्ती असून त्यांचे परवलीचे शब्द व अधिकार वेगवेगळे असू शकतात. एकाचा शब्द बदलला म्हणून दुसऱ्याचा बदलत नाही.

अनेक नोंदी जुळत असतील, तर अधिक नेमक्या ठिकाणाची नोंद प्रथम विचारात घेतली जाते. जुन्या आवृत्त्यांमध्ये ‘लोकलहोस्ट’ साठी एक निनावी वापरकर्ता आपोआप तयार होत असे. परिणामी, ‘कोठूनही’ असे ठिकाण देऊन तयार केलेला नवा वापरकर्ता त्याच संगणकावरून आला, की त्याच्या आधी ही निनावी नोंद जुळे आणि अचूक शब्द देऊनही प्रवेश नाकारला जाई. जुन्या संगणकावर ही अडचण आजही भेटू शकते. निनावी नोंद काढून टाकणे हाच तिच्यावरील उपाय होय.

४.३ ‘लोकलहोस्ट’ आणि १२७.०.०.१ :
हे दोन्ही शब्द ‘हाच संगणक’ असा अर्थ सांगतात. परंतु लिनक्सवर त्यांचे मार्ग भिन्न आहेत. ‘लोकलहोस्ट’ लिहिल्यास संपर्क सॉकेट नावाच्या एका विशेष फाइलीमधून होतो, तर १२७.०.०.१ लिहिल्यास तो जाळ्याच्या मार्गाने म्हणजे पोर्टद्वारे होतो. सॉकेट फाइलीचे ठिकाण पीएचपीला चुकीचे ठाऊक असेल, तर पहिल्या पद्धतीत २००२ ही त्रुटी येते आणि दुसरी पद्धत मात्र चालते. म्हणून जुळणीच्या फाइलीत हा एक शब्द बदलून पाहणे ही निदानाची सोपी कसोटी ठरते.

४.४ बदललेल्या प्रवेशपद्धती :
२००० नंतरच्या दशकातील पाठ्यपुस्तके व प्रात्यक्षिक-वह्या यांतील कृती आज जशाच्या तशा केल्यास अपयश येते. यात अध्यापकाचा दोष नसतो, प्रणालीच बदललेली असते. जुन्या पुस्तकांतील मायएसक्यूएल-जोडणीची मूळ फंक्शने डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकण्यात आली. त्यांच्या जागी मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ वापरावे लागते. २०१८ च्या मायएसक्यूएल ८ ने परवलीचा शब्द पडताळण्याची नवी पद्धत स्वीकारली, जी जुन्या पीएचपी आवृत्त्यांना उमजत नसे. जुनी पद्धत २०२४ च्या मायएसक्यूएल ९ मधून पूर्णपणे वगळली गेली आहे. म्हणून जुन्या पद्धतीकडे परतण्याऐवजी पीएचपीची आवृत्ती अद्ययावत करणे हाच टिकाऊ उपाय होय.

लिनक्सवर आणखी एक नवलाईचा अनुभव येतो. ‘रूट’ या मुख्य वापरकर्त्याला परवलीचा शब्द अचूक दिला तरी १६९८ ही त्रुटी येते. उबुंटूमध्ये, तसेच २०१९ च्या मारियाडीबी १०.४ पासून, रूटची ओळख संगणकावरील प्रशासकाच्या ओळखीशी जोडलेली असते. संगणकाचा प्रशासक म्हणून आलेल्या व्यक्तीला थेट प्रवेश मिळतो, तर वेब पानाद्वारे आलेल्या रूटला मिळत नाही. ही बिघाडाची नव्हे, संरक्षणाची व्यवस्था आहे. संकेतस्थळाने रूट वापरूच नये. त्यासाठी स्वतंत्र व मर्यादित अधिकारांचा वापरकर्ता निर्माण करावा.

४.५ विसरलेला परवलीचा शब्द :
शब्द विसरल्यास अधिकार-तपासणी बंद ठेवून सेवा सुरू करण्याची सोय असते. मात्र त्या अवधीत डेटाबेसला कोणतेच कुलूप नसते. म्हणून जाळ्याचा संपर्क बंद ठेवूनच हे काम करावे, नवा शब्द ठरवावा आणि सेवा पूर्ववत सुरू करावी. अधिक सुरक्षित पद्धत म्हणजे नवा शब्द ठरवणारी आज्ञा एका फाइलीत लिहून ती सेवा सुरू होताना एकदाच चालवणे व नंतर फाइल नष्ट करणे.

४.६ वीज गेल्यानंतरचा बिघाड :
सुरगाण्याच्या संदर्भात हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. मुसळधार पावसाच्या डोंगराळ प्रदेशात वीज अचानक जाणे नवीन नाही. लेखन चालू असताना संगणक बंद पडल्यास डेटाबेस अर्धवट अवस्थेत राहू शकतो. मायएसक्यूएलमध्ये २०१० पासून मूळ साठवण-यंत्रणा असलेली इनोडीबी आपल्या नोंदवहीच्या आधारे बहुतेक वेळा स्वतःच सावरते. तथापि झॅम्पवर ‘मायएसक्यूएल अनपेक्षितपणे बंद झाले’ असा संदेश येऊन सेवा सुरूच होत नाही, असा प्रसंग अनेकांवर ओढवतो.

याच वेळी ‘आयबीडेटा १’ नावाची फाइल काढून टाका, असा सल्ला कोणीतरी देतो. सल्ला मानल्यास सेवा खरोखरच सुरू होते, परंतु तक्ते उघडत नाहीत. तक्ता यंत्रणेत अस्तित्वात नाही, अशी १९३२ क्रमांकाची त्रुटी येते. कारण या फाइलीतच मारियाडीबीच्या इनोडीबी तक्त्यांची सूची असते. फाइलींचे सांगाडे शिल्लक राहतात, पण कोणता सांगाडा कोणाचा हे सांगणारी वहीच जळालेली असते. अनेक वर्षांचे क्षेत्रकार्य अशा एका कृतीने नष्ट होऊ शकते.

योग्य क्रम असा आहे. प्रथम त्रुटींची नोंदवही वाचावी, कारण पुष्कळदा दोष पोर्ट अडलेला असणे एवढाच असतो. त्यानंतर संपूर्ण डेटा-फोल्डरची प्रत दुसऱ्या ठिकाणी घ्यावी. पुढचा कोणताही प्रयोग या प्रतीनंतरच करावा. मग मूळ फोल्डरचे नाव बदलून झॅम्पसोबत आलेल्या कोऱ्या ‘बॅकअप’ फोल्डरच्या प्रतीपासून नवे डेटा-फोल्डर तयार करावे आणि त्यात आपल्या डेटाबेसांची फोल्डरे व जुनी ‘आयबीडेटा १’ फाइल परत ठेवावी. इतके करूनही यश न आल्यास जुनी निर्यात-प्रत हाच आधार उरतो.

४.७ प्रवेश मिळाला, पण मजकूर दिसत नाही :
देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे दिसल्यास पान, जोडणी व तक्ता या तिन्ही ठिकाणी एकच युनिकोड संकेतन आहे का ते तपासावे. तक्ता लॅटिन संकेतनाचा राहिला, तर मजकूर साठवतानाच प्रश्नचिन्हांत बदलू शकतो आणि मग मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. म्हणून ही तपासणी पहिल्या दहा नोंदींनंतरच करावी.

५. सार्वजनिक उपलब्धतेतील अडथळे :

५.१ आतून बाहेर जाणारी तपासणी :
संकेतस्थळ दिसत नाही ही तक्रार तीन प्रश्नांत विभागावी. सर्व्हर असलेल्या संगणकावरच ते दिसते का? त्याच घरातील वाय-फायवर असलेल्या मोबाइलवर दिसते का? वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर दिसते का? ज्या पायरीवर उत्तर ‘नाही’ येते, दोष त्याच पायरीवर असतो. पहिली पायरी ओलांडली नसताना राउटरमध्ये बदल करणे म्हणजे घरातील दिवा लागत नाही म्हणून खांबावर चढण्यासारखे आहे.

पहिल्या पायरीवर अपाची सुरू नसणे किंवा ८० क्रमांकाचे पोर्ट अन्य कार्यक्रमाने, बहुधा विंडोजच्या स्वतःच्या वेब सेवेने, अडवून ठेवणे ही कारणे असतात. दुसऱ्या पायरीवर विंडोजची फायरवॉल आडवी येते. वाय-फायचे जाळे ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदवले गेले असेल, तर शेजारच्या मोबाइलची विनंतीही अडवली जाते.

उत्तर कसे मिळते याकडेही लक्ष द्यावे. तत्काळ नकार आला, तर विनंती संगणकापर्यंत पोहोचली आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही असे बहुधा समजावे. दीर्घकाळ काहीच न होता मुदत संपली, तर विनंती वाटेत फायरवॉल किंवा राउटरने गिळली आहे अशी शक्यता अधिक. ४०३ हा क्रमांक आला, तर विनंती अपाचीपर्यंत सुखरूप आली असून अपाचीने स्वतःच प्रवेश नाकारला आहे. झॅम्पमधील पीएचपीमायअ‍ॅडमिन हे डेटाबेस-व्यवस्थापनाचे पान बाहेरून उघडल्यास हेच घडते आणि ते तसेच राहू देणे इष्ट होय.

५.२ घरातील पत्ता आणि बाहेरचा पत्ता :
इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी होतात. ते अपुरे पडणार हे दिसू लागल्यावर १९९६ मध्ये काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ मधील पत्ते या वर्गात येतात. ते प्रत्येक घरात पुनःपुन्हा वापरता येतात. म्हणूनच बाहेरच्या जगाला त्यांचा उपयोग नाही. असा पत्ता मित्राला कळवणे म्हणजे ‘मधली खोली’ एवढाच पत्ता लिहून पत्र टाकणे होय.

बाहेरून आलेली विनंती योग्य संगणकाकडे वळवण्याचे काम राउटरमधील पोर्ट-अग्रेषणाने होते. ८० व ४४३ या पोर्टांवर येणारी विनंती अमुक खाजगी पत्त्याकडे पाठवावी, असा नियम तेथे लिहावा लागतो. राउटर दर वेळी वेगळा खाजगी पत्ता देत असेल, तर वीज जाऊन आल्यावर नियम चुकीच्या यंत्राकडे बोट दाखवू लागतो. त्यासाठी सर्व्हरचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवावा. तसेच काही राउटर घरातूनच बाहेरच्या पत्त्याने केलेली विनंती परत आत वळवत नाहीत. त्यामुळे संकेतस्थळ बाहेर दिसत असूनही घरात दिसत नाही. बाहेरची तपासणी मोबाइल डेटावर करावी, असे वर म्हटले आहे ते याच कारणास्तव.

५.३ सामायिक पत्त्याची भिंत :
वरील सर्व करूनही संकेतस्थळ न दिसल्यास राउटरच्या पानावरील बाह्य पत्ता आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावरील पत्ता यांची तुलना करावी. दोन्ही भिन्न असतील, विशेषतः राउटरवरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मर्यादेत असेल, तर ग्राहक सेवादात्याच्या सामायिक पत्त्याच्या भिंतीमागे आहे असे समजावे.

या भिंतीची पार्श्वभूमी अशी. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक पातळीवरील शिल्लक पत्त्यांचे अखेरचे वाटप झाले आणि त्याच वर्षीच्या १५ एप्रिलला आशिया-प्रशांत विभागाने आपल्या अखेरच्या राखीव साठ्याला हात घातला. भारत याच विभागात येतो. अमेरिका व युरोपला सुरुवातीच्या काळातच मुबलक पत्ते मिळाले होते. भारतात कोट्यवधी ग्राहक जोडले जाऊ लागले, तेव्हा साठा संपत आला होता. म्हणून एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवण्याची पद्धत रूढ झाली व २०१२ मध्ये तिच्यासाठी वरील १००.६४ चा पट्टा राखण्यात आला. मोबाइल जोडण्या तर बहुतांशी अशाच असतात. अशा जोडणीवर घरच्या राउटरमध्ये कितीही नियम लिहिले तरी उपयोग होत नाही, कारण विनंती त्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. परदेशी मार्गदर्शक लेखांनुसार सर्व काही अचूक करूनही अपयश का येते, याचे एक प्रमुख उत्तर येथे आहे.

यावर तीन मार्ग संभवतात. पहिला, सेवादात्याकडून जादा शुल्क देऊन स्थिर सार्वजनिक पत्ता घेणे. दुसरा, इंटरनेटची सहावी आवृत्ती वापरणे. तिचे पत्ते १२८ बिटांचे असल्याने टंचाई नाही आणि तिच्या वापरात भारत जगातील आघाडीच्या देशांत आहे. मात्र राउटर किंवा सेवादाता आत येणाऱ्या विनंत्या अडवत असल्यास तो अडसर दूर करावा लागतो आणि केवळ जुनी आवृत्ती असलेल्या वाचकांना हे संकेतस्थळ दिसत नाही. तिसरा, सर्व्हरनेच आतून बाहेर एखाद्या सार्वजनिक संगणकाशी बोगदा जोडणे व वाचकांनी त्या संगणकामार्फत येणे. आतून बाहेर जाण्यास भिंतीची हरकत नसते, यावर हा मार्ग आधारलेला आहे. पत्ता सार्वजनिक असूनही बदलता असेल, तर बदलत्या पत्त्याला एकच नाव जोडणारी गतिमान नामसेवा घ्यावी.

६. काय उघडावे, काय उघडू नये :
संकेतस्थळ जगाला दिसू लागल्याच्या क्षणापासून ते आगंतुकांनाही दिसू लागते. २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर हा अवघ्या ३७६ बाइटचा किडा मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस-सर्व्हरमधील एका दोषातून शिरला व सुमारे दहा मिनिटांत जगभरातील बहुतेक दोषयुक्त सर्व्हरांपर्यंत पोहोचला. त्या दोषाची दुरुस्ती सहा महिने आधीच उपलब्ध होती. ती बसवलेली नव्हती एवढेच. जानेवारी २०१७ मध्ये कुलूप न लावलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून टाकून त्यांच्या जागी खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवण्यात आल्या. हे हल्ले व्यक्ती पाहून होत नाहीत. स्वयंचलित कार्यक्रम सर्व पत्ते चाचपत राहतात. आपल्या लहानशा माहितीत कोणाला रस असणार, हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

म्हणून ३३०६ हे पोर्ट राउटरमध्ये कधीही उघडू नये. संकेतस्थळाच्या वापरकर्त्याला केवळ एका डेटाबेसवरील आवश्यक तेवढेच अधिकार द्यावेत. वाचकाने भरलेला मजकूर थेट प्रश्नात न जोडता पूर्वसिद्ध प्रश्नांद्वारेच डेटाबेसकडे पाठवावा. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून २०१५ पासून विनामूल्य मिळतात, त्यांचा लाभ घ्यावा. जुना संगणक वापरताना त्याच्या कार्यप्रणालीचेही वय पाहावे. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. त्यामुळे अशा यंत्रावर लिनक्स बसवणे अधिक उचित होय.

या विवेकाचा चांगला नमुना ग्रंथालयांना परिचित असलेल्या कोहा प्रणालीत सापडतो. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये तयार झालेली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलेली ही मुक्त प्रणाली मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीवरच चालते. तिला दोन दारे असतात. एक वाचकांसाठी ग्रंथसूचीचे, तर दुसरे कर्मचाऱ्यांसाठी व्यवहाराचे. पहिले जगासाठी उघडावे, दुसरे आवारापुरते ठेवावे.

रानभाज्यांच्या उदाहरणाला हाच न्याय लावता येतो. भाजीचे नाव, चित्र, ऋतू व पाककृती सार्वजनिक पानावर यावी. माहिती देणाऱ्या आजीचे नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक मात्र त्या पानाच्या डेटाबेसमध्येच नसावा. तो वेगळ्या, जाळ्याशी न जोडलेल्या ठिकाणी असावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने वैयक्तिक माहितीसंबंधी जबाबदारी अधिक स्पष्ट केली आहे. परंतु कायद्याच्याही आधी हा विश्वासाचा प्रश्न आहे. एखाद्या पाड्यावरील व्यक्तीने विद्यार्थ्याला ओसरीवर बसवून जे सांगितले, ते जगाला सांगण्याची अनुमती तिने दिली होती का, हे विचारणे अध्यापकाचे कर्तव्य ठरते. दुर्मीळ वनौषधीच्या आढळाचे नेमके ठिकाण प्रसिद्ध केल्यास ती वनस्पतीच संकटात येऊ शकते, हेही विसरता येणार नाही.

७. सुरगाणा परिसरासाठी व्यवहार्य मार्ग :
वीजपुरवठ्याची अनिश्चितता, मोबाइल जोडणीवरील अवलंबित्व आणि सामायिक पत्त्याची भिंत लक्षात घेता, घरच्या संगणकावरून चोवीस तास सार्वजनिक सेवा देणे प्रत्येक वेळी शहाणपणाचे ठरत नाही. त्याऐवजी कामाची विभागणी करता येते. माहितीची भर, तपासणी व दुरुस्ती घरच्या किंवा विभागातील सर्व्हरवर व्हावी. महाविद्यालयाच्या आवारात वाय-फायद्वारे तो इंटरनेटविना विद्यार्थ्यांना वापरता येतो, कारण स्थानिक जाळ्याला बाहेरच्या जोडणीची गरजच नसते. जगासाठी मात्र तपासलेल्या माहितीची एक प्रत भाड्याच्या सर्व्हरवर ठेवावी. घरची वीज गेली तरी ती प्रत दिसत राहते आणि तिच्यावर हल्ला झाला तरी मूळ माहिती शाबूत राहते.

सर्व्हरला वीजसाठा देणारे यूपीएस जोडावे व वीज गेल्यावर तो रीतसर बंद होईल अशी योजना करावी. डेटाबेसची निर्यात-प्रत दररोज घ्यावी. एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा संकेत पाळावा. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिला प्रत म्हणणे धाडसाचे होय.

८. निष्कर्ष :
(१) डेटाबेस-प्रवेश आणि सार्वजनिक उपलब्धता हे दोन स्वतंत्र प्रश्न असून त्यांचे निदान स्वतंत्रपणेच करावे.
(२) त्रुटीचा क्रमांक व तिचे स्वरूप हेच निदानाचे पहिले साधन होय. संपर्क न होणे व ओळख नाकारली जाणे यांतील भेद प्रथम निश्चित करावा.
(३) सार्वजनिक उपलब्धतेची तपासणी आतून बाहेर करावी. सामायिक पत्त्याच्या जोडणीवर राउटरमधील बदल निष्फळ ठरतात.
(४) कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी डेटा-फोल्डरची प्रत घेणे अनिवार्य समजावे.
(५) सर्व्हर सार्वजनिक करणे म्हणजे डेटाबेस सार्वजनिक करणे नव्हे.

घरगुती सर्व्हर हा मोठ्या संस्थेच्या यंत्रणेला पर्याय नाही. तथापि आपल्या परिसराची माहिती कोठे ठेवली आहे, तिच्यापर्यंत कोण पोहोचू शकते आणि ती कोणत्या कारणाने नष्ट होऊ शकते, हे अध्यापकाला व विद्यार्थ्याला स्वतःच्या हातांनी समजून घेण्याची ती उत्तम प्रयोगशाळा आहे. डोंगरपाड्यांवरून गोळा केलेले ज्ञान पुढील पिढीपर्यंत पोहोचवायचे, तर ते उघडण्याची आणि योग्य तेथे बंद ठेवण्याची अशी दोन्ही कौशल्ये आत्मसात करावी लागतील.